भडक्याची निळी गाडी

भडक्याला राग यायला कारण लागत नसे, निमित्त पुरे. त्या सोमवारी तर निमित्त स्वतःच चार चाकांवर चालत त्याच्या वर्कशॉपात आलं.

त्याचं खरं नाव आईवडिलांनी चांगलं हौसेनं ठेवलं होतं, पण गल्लीत ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर लोक तुमच्याच तोंडाकडे बघतील. पत्र्याचं काम करणारा माणूस. गाड्यांचे पोचे काढायचे, गंजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा. दिवसभर ठिणग्यांत बसून बसून स्वभावही तसाच झालेला. नट फिरला नाही की नटाला शिवी, पाना घसरला की पान्याच्या सात पिढ्यांना. बायको म्हणायची, "हे घरी शांत असतात, कारण घरी नट नाहीत." पण हात मात्र चोख. त्यानं जोडलेला पत्रा नेमका कुठे जोडलाय ते बोट फिरवूनही कळत नाही, हे त्याच्याशी भांडलेले लोकसुद्धा मान्य करत.

गाडी होती गणिताच्या बाईंची. अर्ध्या गल्लीला पाढे बाईंनीच शिकवलेले, भडक्यालाही. आणि त्याचा सतराचा पाढा कच्चा राहिला हे बाई अजून विसरल्या नव्हत्या. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गाडी पन्नाशीची. दोन दारं, गोल दिवे, सायीसारखा रंग. वरून बघाल तर नव्या नवरीसारखी नटलेली.

बाई उतरल्या, काठी टेकली आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"शनिवारी गाडीची सरकारी तपासणी आहे. तपासनीस खाली वाकून हातोडी मारतो. मागच्या खेपेला म्हणाला, दाराखालची पायरी बद्द वाजते, एवढ्या वेळेपुरता सोडतो. या खेपेला नापास झाली तर किल्ल्या भाच्याच्या हातात द्यायच्या, असा मी शब्द दिलाय. त्यानं भंगारवाल्याशी बोलणंही करून ठेवलंय."

"भाच्याला एवढी कसली घाई?"

"त्याला माझी काळजी वाटते, असं तो म्हणतो. पण त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तिला दर रविवारी तळ्यावर मी नेते. तिचे पाय गेलेत. टॅक्सीवाले चाकांची खुर्ची बघितली की थांबत नाहीत, आणि लेकाला रविवारी वेळ नसतो. गाडी गेली की ती चार भिंतींत." बाईंनी घसा खाकरला. "इथेच का आले तेही सांगते. गाडी मूळची माझ्या थोरल्या भावाची. तो गेल्यावर माझ्याकडे आली. तो सांगायचा, सत्तावीस वर्षांपूर्वी हिच्या दोन्ही पायऱ्या तुमच्याच वर्कशॉपात केल्यात. तिथे डोळे झाकून जा, म्हणायचा."

झालं! भडक्याची छाती दोन इंच फुगली. आता ही पायरी म्हणजे काय, ते सांगतो. दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक लांबट पोकळ पेटी जाते. तिला हे लोक पायरी म्हणतात. दिसायला एवढीशी, पण असल्या जुन्या गाडीचा सगळा भार तिच्यावर. ती गेली की गाडी मधूनच वाकते. तेव्हा पायरी करणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही, आणि भडक्यानं ते बाईंना लगेच ऐकवलंही.

"बाई, पायरीचं मला सांगू नका. माझं पहिलं काम पायरीचंच. अठरा वर्षांचा होतो. आईचं ऑपरेशन म्हणून बाबा तीन आठवडे दवाखान्यात. एक निळी गाडी आली, अशीच, याच बनावटीची. दोन्ही पायऱ्या गेलेल्या. तीन दिवसांत, एकट्यानं, दोन्ही नव्या बसवल्या! बाबा आले, त्यांनी बघितलं, एक अक्षर बोलले नाहीत. नुसती पाठ थोपटली. विचारा हवं तर."

ही निळ्या गाडीची गोष्ट गल्लीत कुणी ऐकली नाही असं नव्हतं. गिऱ्हाईक नवं असो की जुनं, ती ऐकल्याशिवाय त्याची गाडी आत घेतली जात नसे. बायकोला तर ती पाठ होती; ती स्वयंपाक करता करता पुढची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायची.

बाबा कोपऱ्यात बसले होते. एका मोडीत निघालेल्या गाडीची पुढची सीट लाकडी खोक्यावर ठोकून त्यांना आसन करून दिलेलं. काम सोडून नऊ वर्षं झाली होती, पण जीभ निवृत्त झाली नव्हती. ठोका जोरात पडला, पत्रा तिरका कापला, फडका नीट पिळला नाही... सगळ्यावर त्यांचं म्हणणं असायचंच. निळ्या गाडीची गोष्ट निघाली की मात्र ते काडीनं कान कोरायला घ्यायचे. आताही त्यांनी काडी शोधली.

बाई गेल्या. भडक्यानं गाडी जॅकवर उचलली, लाकडाचे ठोकळे लावले, आडवा झाला आणि डाव्या पायरीवर हातोडी मारली.

थप्प.

पत्रा असा वाजत नाही. पत्रा ठणठणतो. त्यानं स्क्रू ड्रायव्हर लावून जरा दाबला तर तो मुठीपर्यंत आत. ओढला तर त्याच्याबरोबर वीटभर पुट्टीचा लगदा बाहेर आला. म्हणजे पोचे बुजवायला पातळ थर द्यायची ती पुट्टी, चार बोटं जाड भरलेली! त्यामागे चुरगाळलेला वर्तमानपत्राचा बोळा. त्यामागे तेलाच्या डब्याचा चेपून सपाट केलेला पत्रा, खिळ्यासारख्या दोन रिबिटांवर लटकलेला. वरून डांबराचा काळा लेप आणि त्यावर सायीचा रंग.

"अरे ए!" भडक्या गाडीखालून ओरडला. कुणाला ओरडला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "हे काम आहे का पाप? बाबा, बघा, बघा इकडे! कागद कोंबलाय, कागद! गाडी आहे का रद्दीचं दुकान? कुणा गाढवानं केलंय हे?"

बाबांनी काडी दुसऱ्या कानात घातली.

"एखादा खड्डा जोरात बसला असता तर मधून दोन तुकडे झाले असते. आत बायकापोरं बसत असतील हो! ज्यानं हे केलं त्याचे हात मोडून गळ्यात बांधले पाहिजेत. बाबा, हे तुमच्या हातचं नाही."

"नाही," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "जुनी गोष्ट आहे. कापून टाक, नवीन लाव. तोंड कशाला वाजवायचं."

"का नाही वाजवायचं? सत्तावीस वर्षांपूर्वी वर्कशॉपात माणसं किती? तीन. तुम्ही, मी आणि..." भडक्या गाडीखालून सरपटत बाहेर आला. तोंडावर पुट्टीची भुकटी, डोळे लाल. "दादा!"

दादा म्हणजे आत्याचा मुलगा. भडक्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. इथेच शिकला, मामाच्या हाताखाली तयार झाला, आणि नेमका त्याच वर्षी एप्रन खिळ्याला टांगून चालता झाला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्यानं स्वतःचं वर्कशॉप थाटलं. घाई झाली होती त्याला मालक व्हायची, असं घरात बोललं जायचं. तेव्हापासून दोघांचं बोलणं लग्नात नाहीतर मयताला, आणि तेही "काय, बरं आहे ना" एवढंच.

"मला वाटलंच होतं!" भडक्या म्हणाला. त्याला मुळीच काही वाटलं नव्हतं, पण आता वाटायला लागलं. "असली कामं करून ठेवली म्हणूनच पळाला. अन् नाव कुणाचं खराब? तुमचं! माझं!"

"चहा सांग," बाबा म्हणाले.

मंगळवारी दुपारी बाई काम कुठवर आलं बघायला आल्या. भडक्यानं त्यांना पुट्टीचा लगदा दाखवला, कागदाचे बोळे दाखवले आणि आवाज चढवून सांगितलं, "हे आमच्या दादाचं कर्तृत्व. तिकडे टोकाला बोर्ड लावून बसलाय ना, तोच."

"नक्की?"

"शंभर टक्के."

"पुरावा?"

"पुरावा काय बाई, तीन माणसांतून दोन वजा करा. तुम्हीच शिकवलंय."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. मग रुमाल काढला, पुट्टीचं एक मोठं ढेकूळ त्यात बांधलं आणि काठी टेकत गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे निघाल्या.

"त्यांना थांबव," बाबा सीटवरून अर्धे उठून म्हणाले.

"का म्हणून थांबवू? एकदाचं पितळ उघडं पडू दे की!"

बाबा पुन्हा खाली बसले.

त्या रागात भडक्यानं जे केलं ते एरवी त्यानं स्वप्नातही केलं नसतं. पायरी कापायची तर आधी दाराच्या चौकटीत एक लोखंडी पट्टी आडवी जोडायची, म्हणजे पायरी नसताना गाडी जागची हलत नाही. आणि एका वेळी हातभर तुकडाच कापायचा. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तोंडानं दादाचा उद्धार चालू आणि हातात ग्राइंडर. ठिणग्यांचा पाऊस पाडत त्यानं डावी पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच दमात उडवली. पट्टीची आठवणही झाली नाही.

बुधवारी सकाळी त्यानं नवा पत्रा वाकवून तयार केला, वेल्डिंगचा मुखवटा चढवला आणि पहिला टाका मारला. भोक पडलं. जुन्या पत्र्याची कड गंजानं चाळणीसारखी झालेली. ती इंचभर मागे कापली, पुन्हा टाका मारला. पुन्हा भोक. अजून मागे सरकला. जिथे हात लावावा तिथे भोक! भोक बुजवायला गेलं की शेजारी दुसरं. दुपारपर्यंत त्यानं मशीन कमी केलं, जास्त केलं, तार बदलली, मशीनला लाथ मारली. कसाबसा मधला तुकडा टाक्यांवर धरला आणि दार लावून बघायला गेला.

दार लागेना.

पुन्हा लोटलं. खालची कड चौकटीवर आपटून दार परत आलं. वरची फट करंगळीएवढी, खाली सूतभरही जागा नाही. गाडी मधून बसली होती.

"दारच वाकडं आहे हे!" भडक्या गरजला.

"नाचता येईना अंगण वाकडं," कोपऱ्यातून आवाज आला. "आडवी पट्टी लावली होतीस?"

भडक्यानं भिंतीला टेकलेल्या पट्टीकडे बघितलं. मग त्यानं पाण्याच्या बादलीला लाथ घातली. बादली लोखंडी होती. पुढचा सगळा वेळ तो लंगडत होता, आणि त्याचाही दोष त्यानं दादाच्याच खात्यावर टाकला. संध्याकाळी घरी जाताना त्याला पहिल्यांदा भीती वाटली. मधे फक्त दोन दिवस. गाडी आणली तेव्हा निदान दारं तरी लागत होती. आता बाईंच्या बहिणीला तळं दाखवायचं तर फोटोतच दाखवावं लागणार.

गुरुवारी सकाळी दादा आला.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं वर्कशॉपचा उंबरठा ओलांडला. केस पांढरे झालेले, चालणं तेच, सावकाश. एका हातात बाईंचा रुमाल. त्यानं आधी कोपऱ्यात जाऊन बाबांना वाकून नमस्कार केला. "बरे आहात ना मामा?" बाबांनी मान हलवली, पण वर बघितलं नाही.

"हे परत द्यायला सांगितलंय बाईंनी," दादानं रुमाल बाकावर ठेवला. "आणि विचारायला सांगितलंय, की उत्तर काढताना रीत केली होती का, का नुसता अंदाज?"

"वा! म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर!" भडक्या लंगडत पुढे आला. "तुला लाज नाही वाटत? बघ, बघ तुझी करणी! तुझ्यामुळे दोन दिवस घाण उपसतोय मी. दार लागत नाही गाडीचं!"

दादानं दाराची फट बघितली, वाकून ठोकळे बघितले. "पट्टी नाही लावलीस."

"ते सोड! हे काम कुणाचं ते बोल."

"उजवी बाजू उघडलीस?"

"नाही."

"उघड. पुढच्या टोकाशी, चाकाजवळ. आधी पट्टी लाव, मग उघड. मी उभा आहे इथे."

भडक्याला वाटलं, याला आता तोंडावरच पाडू. त्यानं पट्टी लावली, ग्राइंडर घेतला, उजव्या पायरीच्या पुढच्या टोकाला हातभर चौकोन कापला आणि पत्रा उचकटला.

आतली बाजू निळी होती.

बाहेरचा सायीचा रंग नंतरचा, बाईंनी दिलेला. आत, जिथे नंतर कुणाचा हात पोचला नव्हता, तिथे जुना रंग तसाच. भडक्या बघत राहिला. निळ्या गाड्या काय कमी असतात, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि आत हात घातला. कागदाचे बोळे निघाले. मग काहीतरी मऊ लागलं. ओढलं, तर येईना. अजून ओढलं, तर एक लांबलचक लोकरीची बाही बाहेर आली. मग दुसरी बाही, पहिलीपेक्षा चांगली चार बोटं आखूड. मोहरीच्या रंगाचा स्वेटर. पुट्टीनं कडक झालेला, कडेला निळ्या रंगाचे शिंतोडे.

मावशीनं विणलेला होता तो. सगळं जग हसेल असा. अठराव्या वर्षी तो घालायला लागू नये म्हणून भडक्यानं घरी सांगितलं होतं की चोरीला गेला. मावशीनं तेव्हा अख्ख्या गल्लीला शिव्या घातल्या होत्या.

"तुझी मावशी अजून विचारते त्याचं," बाबा म्हणाले.

भडक्या तिथेच फरशीवर बसला. स्वेटर मांडीवर. त्याला खरंच, अगदी शपथेवर, आठवत होतं की त्यानं पत्रा बसवला होता. पत्रा कापल्याचं आठवत होतं, जोडल्याचं आठवत होतं. आणि आता, बाहीला हात लावल्यावर, दुसरंच आठवायला लागलं. पहिल्या दिवशी अशीच भोकं पडली होती. दुसऱ्या दिवशी पडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीवाला येणार होता आणि पायऱ्यांच्या जागी दोन भगदाडं होती. दादा म्हणाला होता, थांब, मी करतो, गाडीवाल्याला परवा बोलाव. आणि हा म्हणाला होता, हात नको लावूस, ही माझी गाडी आहे.

"तेव्हाही मी उघडायला सांगितलं होतं," दादा म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण रुमालाची घडी पुन्हा पुन्हा मोडून घालत होता. "मामा आले त्या दिवशीच. म्हटलं मामा, ही गाडी दाराबाहेर सोडू नका, माणसं मरतील."

भडक्यानं बाबांकडे बघितलं.

"हातोडी मारली तेव्हाच कळलं मला," बाबा म्हणाले. "पण तुझी आई त्याच सकाळी घरी आली होती. तू तीन दिवस झोपला नव्हतास. असा उभा होतास दारात, दात काढून. आणि गाडीवाला किल्ली मागत होता. मी म्हटलं, जाऊ दे, महिन्याभरात काहीतरी सांगून परत बोलावू. पाठ थोपटली तुझी. आणि यानं एप्रन काढून खिळ्याला टांगला." त्यांनी नाक पुसलं. "मग गाडीवाला गाव सोडून गेला. आणि याला मालक व्हायची घाई झाली होती, असं सगळ्यांना सांगितलं ते मीच. काय सांगणार होतो दुसरं?"

"आणि मी गल्लीभर निळ्या गाडीची गोष्ट ऐकत हिंडलो," दादा म्हणाला. "गिऱ्हाइकं येऊन मला ऐकवायची, तुझा भाऊ बघ अठराव्या वर्षी! सत्तावीस वर्षं, बरं का. तोंड उघडलं नाही, ते मामांसाठी. पण परवा बाईंनी ते ढेकूळ माझ्या बाकावर आपटलं, माझ्या गिऱ्हाइकांसमोर. आता नाही गप्प बसणार."

भडक्याला आयुष्यात पहिल्यांदा असा राग आला होता की तो कुणावर काढायचा ते कळेना. बादली होती, पण पाय आधीच सुजला होता.

बाई अकराला आल्या. त्यांनी आधी दादाकडे बघितलं, मग बाबांकडे, मग फरशीवर बसलेल्या भडक्याकडे आणि त्याच्या मांडीवरच्या स्वेटरकडे.

"बाई, ते काम माझं," भडक्या म्हणाला. उठायचा प्रयत्न केला, पाय दुखला, पुन्हा बसला. "दादाचा काही संबंध नाही. निळी गाडी ती हीच. पायऱ्यांत पत्रा नव्हताच कधी. मी खोटं बोललो... म्हणजे मला खरं वाटत होतं, पण खोटंच ते. तुमचे भाऊ जगले ते नशिबानं."

बाईंनी काठी फरशीवर आपटली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझा भाऊ या गाडीतून सहकुटुंब घाट उतरायचा," त्या म्हणाल्या. "आणि मी दर रविवारी बहिणीला घेऊन जाते." मग दादाकडे वळल्या. "तुझी माफी मागते. पुराव्याशिवाय आले तुझ्याकडे. ही गाडी आत्ताच्या आत्ता तुझ्या वर्कशॉपात ने."

"नेता येणार नाही बाई," दादा म्हणाला. "डावी पायरी नाही, गाडी ठोकळ्यांवर आहे. खाली उतरवली तर मधूनच दुमडेल. काम होईल ते इथेच."

दादानं वर्कशॉपभर नजर फिरवली. भिंतीवरचा खिळा अजून तिथेच होता, त्यावर भडक्याचा एप्रन. त्यानं तो काढला आणि गळ्यात अडकवला.

"तू मशीनला हात लावायचा नाहीस," तो भडक्याला म्हणाला. "फडका ओला कर."

बरं, पुढचे दोन दिवस काय झालं ते फार लांबवत नाही. दादानं बुधवारचे सगळे टाके तोडले. भडक्याच्या डोळ्यांदेखत. मग जॅक सूतभर वर, दार लावून बघ. अजून सूतभर, पुन्हा दार. बाबा सीटवर डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "खाली घासतंय... अजून... हं, आता बसलं." दार बसलं तशी पट्टी जोडली. गंजलेली कड चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापली, भडक्याला वाटत होती त्याच्या दुप्पट. मग एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, आणि प्रत्येक टाक्यानंतर पत्रा गार होईपर्यंत थांबायचं. भडक्या ओला फडका घेऊन गुडघ्यांवर. टाका पडला की फडका लाव, चर्र आवाज जाईपर्यंत धर, काढ. डावी झाली की उजवी, तशीच. त्याच्या डोक्यात सारखं यायचं, आता लांब पट्टा मार की, किती वेळ! दोनदा तोंडातून निघालंही. दादा मुखवट्यातून म्हणाला, "याच घाईनं स्वेटर कोंबला होतास." त्यानंतर तो नाही बोलला. शुक्रवारी बायको डबा घेऊन आली, नवऱ्याला फडका धरून गप्प बसलेला बघितला आणि कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना म्हणून.

काम झालं. दादानं एप्रन पुन्हा खिळ्याला लावला, बाबांना नमस्कार केला. "उद्या चल की तपासणीला," भडक्या म्हणाला. "माझी दोन दिवसांची कामं पडलीत," दादा म्हणाला आणि गेला.

शनिवारी बाई गाडी चालवत होत्या, शेजारी भडक्या, मागे बाबा. त्यांना कुणी यायला सांगितलं नव्हतं. ते सकाळी आवरून वर्कशॉपच्या दारात उभे होते. तपासणीच्या जागी बाहेर भाचा घड्याळ बघत थांबला होता. तपासनीस खड्ड्यात उतरला. वर ही चौघं नुसती ऐकत उभी. ठण. ठण. डावीकडून पुढून मागे, मग उजवीकडून मागून पुढे. पुढच्या टोकाशी, चाकाजवळ, त्यानं तीनदा मारली. ठण, ठण, ठण. बाईंनी काठीवरची मूठ सैल केली.

तपासनीस हात पुसत वर आला आणि कागदावर शिक्का मारला. भाच्यानं तो शिक्का वाकून वाचला, पुन्हा वाचला आणि फोन काढून जरा बाजूला गेला.

"गेल्या खेपेला मी म्हटलं होतं, हे बहुतेक पत्रा नाही, भलतंच काही भरलंय," तपासनीस बाईंना म्हणाला. "काय निघालं आत? कुणाचं होतं हो ते काम?"

बाई भडक्याकडे बघत होत्या, त्याला फळ्यापाशी गणित सोडवायला उभं केल्यासारख्या. बाईंचा भाऊ गेलेला, रंग बदललेला, दादा इथे नव्हता. कुणाचंही नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. मागे उभ्या असलेल्या बाबांनी या वेळी काडी शोधली नाही.

"माझं," भडक्या म्हणाला. "अठरा वर्षांचा होतो. पुट्टी, रद्दी आणि एक स्वेटर निघाला."

तपासनीस हसला, मग त्याचं तोंड बघून थांबला. "आणि हे नवं? फार सुरेख झालंय. हेही तुमचंच?"

"नाही. हे आमच्या दादाचं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्याचं वर्कशॉप आहे." भडक्यानं घसा साफ केला. "मी ओला फडका धरला."